पट भरलेला, वर्ग रिकामा

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली की पूर्वी पालक कट-ऑफ विचारायचे. आता विज्ञान शाखेचे बरेच पालक आधी विचारतात, ‘तिथे हजेरीची सक्ती आहे का?’ सक्ती असेल तर ते कॉलेज यादीत खाली जाते, नसेल तर वर चढते. दहावीला पंच्याण्णव टक्के पडलेल्या मुलासाठी आईवडील असे कॉलेज शोधत असतात, जिथे त्याला पाऊलही ठेवावे लागणार नाही. यात कुणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. आयआयटी, पुण्याचे सीओईपी, मुंबईतले व्हीजेटीआय किंवा आयसीटी अशा अभियांत्रिकी-तंत्रज्ञानाच्या संस्थांत प्रवेश मिळावा म्हणून मुलांनी अकरावी-बारावीत झटून अभ्यास करावा, याला माझा अजिबात विरोध नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी एखाद्या अवघड विषयाशी झुंजायला मिळणे हे भाग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो ही तयारी कॉलेज ओस पाडून होते याला. त्याची किंमत क्लासला गेलेला मुलगा थोडीफार मोजतो, पण खरी मोजतो तो मागे राहिलेला. आणि या मागे राहिलेल्यांबद्दल कुठल्याच चर्चेत अवाक्षर निघत नाही.

‘इंटिग्रेटेड’ हा प्रकार ज्यांच्या घरापर्यंत अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलाचा प्रवेश असतो कनिष्ठ महाविद्यालयात आणि तो शिकतो क्लासमध्ये. दोघांचा टाय-अप झालेला असतो. कॉलेजकडून बोर्डाचा फॉर्म, बैठक क्रमांक आणि शेवटी दाखला मिळतो. तास, टेस्ट, मॉड्यूल, रँक हे बाकी सगळे क्लासचे. दोन वर्षांची फी लाखांत जाते, शहरात ठेवायचे तर वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा. काही क्लासवाल्यांनी तर मध्ये दुसरे कुणी नको म्हणून स्वतःचीच स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजे काढली आहेत. सीबीएसईच्या शाळांत यालाच डमी शाळा म्हणतात. त्या मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता याच कारणावरून काढून घेतली. आता आठवीपासूनच ‘फाउंडेशन’च्या बॅचेस निघाल्या आहेत. त्यामुळे पोरगं दहावीत असतानाच पुढची बॅच घरात ठरलेली असते. कॉलेज नंतर बघू.

आता माझ्या वर्गात या. प्रवेश पूर्ण होतात तेव्हा पटावर ऐंशी नावे असतात. सुरुवातीला साठेक मुले दिसतात. गणपतीपर्यंत ती चाळिसावर येतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा-वीस उरतात. उरतात ती कोण? ज्याचे वडील एसटीत कंडक्टर आहेत तो, ज्याच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आहे तो, आणि मुली. मुली पुष्कळ. भावाला लातूरला नाहीतर संभाजीनगरला ठेवतात. बहिणीला ‘तू इथंच कर, इथंही तेच पुस्तक आहे’ असे सांगतात.

पुस्तक तेच असते हे खरे. पण वर्ग तो राहत नाही. शिकवणाऱ्याला हे चटकन कळते. काही वर्षांपूर्वी आयनिक समतोल शिकवताना मी नेहमीप्रमाणे सांगितले की शुद्ध पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; सातच्या खाली म्हणजे आम्ल) सात. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘मॅडम, पाणी तापवलं की त्याचं आयनीभवन वाढतं असं तुम्ही मागच्या तासाला म्हणालात. मग पीएच सातच्या खाली जाणार. म्हणजे गरम पाणी ॲसिडिक म्हणायचं का?’ प्रश्न अगदी नेमका होता. पीएच खाली जातो, पण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन सारखेच वाढतात, म्हणून पाणी उदासीनच राहते. सात हा आकडा पंचवीस अंश तापमानापुरता. हे उत्तर मी द्यायच्या आत वर्गात दोन तट पडले होते. तास संपला तरी पोरे व्हरांड्यात वाद घालत उभी होती. त्या दिवशी त्या वर्गातल्या साध्या, पंचावन्न टक्केवाल्या मुलांनाही समतोल कळला, आणि तो माझ्यामुळे कमी, त्या वादामुळे जास्त. असे विचारणारे मूल वर्गातून उठून गेले की त्याच्याबरोबर बाकीच्यांची अर्धी शिकवणीही जाते. तिची भरपाई कोणत्याही अनुदानातून होत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. माझ्याकडे येणारी मुले मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून आलेली असतात. अकरावीला सगळे विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू होते. तेव्हा तोच मुद्दा एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, फळ्यावर आकृती काढून पुन्हा एकदा, असे सांगणारे माणूस लागते. जेईई मेन ही अभियांत्रिकीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा २०२१ पासून मराठीतही देता येते, पण आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्ड, अजून इंग्रजी आणि हिंदीतच आहे. म्हणजे नांदेड-परभणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलाला दोन वर्षांत विषयही चढायचा आहे आणि भाषाही. क्लासची बॅच आधीच्या टक्क्यांवर लावलेली असते, तिचा वेग ठरलेला असतो. त्या वेगात या मुलासाठी कुणी थांबत नाही. थांबायला कॉलेजातच जागा होती.

प्रयोगशाळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठे नुकसान मला तिथे दिसते.

बारावीला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन असते, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून त्याचे प्रमाण मोजायचे. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या नळीत, जांभळे परमँगनेट, खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल, त्यात थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल, आणि फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेला. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जायलाच तयार नसतो. अभिक्रिया संपली असे वाटून मूल घाबरते, ‘मॅडम, एंड पॉइंट आला की काय?’ त्याला फ्लास्क हलवत थांबायला सांगायचे. हळूहळू रंग विरतो. दुसऱ्या थेंबाचा थोडा लवकर विरतो, आणि पुढे पुढे थेंब पडताक्षणी रंग नाहीसा होतो. का? तर या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात. हे स्वतःच्या हाताने फ्लास्क हलवताना ज्याने पाहिले त्याला स्वयंउत्प्रेरण म्हणजे काय हे जन्मात विसरता येत नाही. प्रवेश परीक्षेच्या प्रश्नसंचांत हा एका ओळीचा, चार पर्यायांचा प्रश्न असतो. क्लासची मुले चुटकीसरशी बरोबर पर्यायावर टिक करतात. थेंब विरताना मात्र त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

मग प्रात्यक्षिक परीक्षा येते. जानेवारीअखेर जेईई मेनचे पहिले सत्र असते आणि बोर्डाची प्रात्यक्षिकेही त्याच सुमारास. वर्षभर न दिसलेली मुले त्या दिवशी पांढरे ॲप्रन घालून रांगेत उभी राहतात. परमँगनेटचा रंग गडद असतो, म्हणून ब्युरेटचे वाचन द्रावणाच्या वरच्या कडेवरून घ्यायचे असते. हे त्यांना माहीत नसते. ती डोळे बारीक करून न दिसणारी खालची कड शोधत राहतात. ब्युरेटचा कॉक, म्हणजे तोटी, कोणत्या हाताने धरायचा इथून सुरुवात असते. जर्नलमध्ये मात्र त्यांच्या नावावर सगळे प्रयोग झालेले असतात, प्रत्येकाची तीन वाचने, सही-शिक्क्यानिशी. आणि तीसपैकी अठ्ठावीस गुण पडतात, कारण सगळीकडेच तसे पडतात. आपण कमी दिले तर आपल्याच मुलांचे नुकसान, असा प्रत्येक कॉलेजचा हिशेब असतो.

अठ्ठावीस गुण फुकट दिले गेले याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते याचे की विज्ञानाच्या पहिल्याच पायरीवर, सतराव्या वर्षी, न घेतलेले वाचन लिहिता येते आणि त्यावर मोठ्या माणसांची सही मिळते, हा धडा आपण त्याला दिला. यातलाच एखादा उद्या पुलाच्या काँक्रीटचे नमुने तपासणार आहे, एखादी औषधाच्या कारखान्यात बॅच पास करणार आहे. विज्ञानात सगळा व्यवहार वाचनाच्या खरेपणावर चालतो. तिथेच आपण पोरांना सवलत देऊन टाकली.

आता आकड्यांकडे पाहू. २०२५ साली जेईई मेन देणारी मुले पावणेपंधरा लाखांच्या आसपास होती. त्यातल्या पहिल्या अडीच लाखांना ॲडव्हान्स्डला बसता येते. २३ आयआयटींतल्या जागा अठरा हजारांच्या थोड्या वर. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि त्याच केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जाणाऱ्या इतर संस्था धरल्या तरी सगळ्या मिळून जागा साठ-बासष्ट हजारांच्या घरात. म्हणजे तयारी करणाऱ्या फार मोठ्या बहुसंख्येला ती जागा मिळणार नाही, हे गणितानेच ठरलेले आहे. जी दोन वर्षे केवळ त्या जागेसाठीच जगायची असतात, ती जागा न मिळालेल्या मुलाच्या हाती शेवटी काय उरते? त्याला ना प्रयोगशाळा ठाऊक, ना कॉलेजचे ग्रंथालय, ना एनएसएसचे शिबिर, ना कला-वाणिज्यच्या मुलांशी दोस्ती. मराठीचा किंवा इंग्रजीचा तास त्याने केलेला नसतो. भाषा म्हणजे शेवटच्या आठवड्यात गाइडमधून पाठ करायचा पेपर. मग वर्षभर ड्रॉप घेऊन तो पुन्हा त्याच बाकावर बसतो.

क्लासेससाठी प्रसिद्ध असलेल्या राजस्थानातल्या कोटा शहराबद्दल मी फार लिहिणार नाही, ते वाचून कुणाचेही काळीज हलते. एवढेच सांगते की २०२३ साली, आत्महत्या थांबत नाहीत म्हणून, तिथल्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. मुलाला वर्षभर ओळखणारा, त्याचा चेहरा उतरला तर विचारणारा शिक्षक जिथे नसतो, तिथे उपाय पंख्यावर करावा लागतो.

आणि तरीही मी पालकांना दोष देणार नाही. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाचे वडील त्याला शहरात ठेवायचे ठरल्यावर मला मुद्दाम भेटायला आले होते. म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण फिजिक्सला दोन वर्षं झाली कायमचा माणूस नाही. तासिकेवरचे सर येतात, दुसरीकडं नोकरी मिळाली की जातात. पोरानं कुणाच्या भरवशावर राहायचं?’ त्या माणसाने मुलासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते. त्याच्यापुढे पर्याय होता असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

शिवाय राज्यानेच त्याला तो रस्ता दाखवला आहे. बारावीचे बोर्डही राज्याचे आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा घेणारा सेलही राज्याचाच. पण राज्याच्या सीईटीतून अभियांत्रिकीला जाताना राज्याच्याच बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात: खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४०. आयआयटीची अट त्याहून वरची, ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातले पहिले वीस पर्सेंटाईल, पण ॲडव्हान्स्ड पार करणाऱ्या मुलाला तीही सहसा जड जात नाही. एकीकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रयोग, जर्नल, उपस्थितीचे नियम. दुसरीकडे तीन तासांची परीक्षा, आणि प्रवेश ठरणार तिच्यावरच. शहाणा पालक काय निवडेल हे सांगायला नको.

हे कुणाच्या लक्षात आले नाही असेही नाही. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. मुलांना शाळेत परत आणणे हाच हेतू होता. पण वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात बसवताना गोंधळ झाला, निकाल लांबले, गुणांची खैरात करणाऱ्या बोर्डांचे फावते असा आक्षेप आला आणि २०१७ पासून ते वजन गेले. आपल्याकडे २०१८ साली तेव्हाच्या शिक्षण खात्याने कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. वर्गातल्या बाकांवर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, शाळेच्या वेळेत तास नकोत, दिवसात पाच तासांहून जास्त शिकवू नका, मध्येच सोडल्यास उरलेली फी परत द्या. सूचना चांगल्या आहेत. २०२५ मध्ये केंद्राच्या उच्च शिक्षण सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समितीही नेमली गेली. डमी शाळा हा तिच्यापुढचा एक विषय आहे. पण या साऱ्या उपायांची नजर क्लासवर आहे. क्लास बंद केला तर मुलाने जायचे कुठे, त्या कॉलेजात काय आहे, याकडे कुणी पाहत नाही.

इथे माझ्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोलायलाच हवे. कॉलेजला किती शिक्षक मंजूर होणार हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यता पटावर ठरते, हजेरीवर नाही. पटावरची नावे टिकली तर पदे टिकतात. नावे गेली तर कुणीतरी अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात पाठवायच्या, यादीत जातो. त्यामुळे वर्गात न येणारा विद्यार्थी संस्थेलाही हवा असतो, शिक्षकालाही, क्लासलाही आणि पालकालाही. चौघांनाही सोयीचे असलेले खोटे उघड कोण करणार? एकट्या शिक्षकाने हजेरी कडक केली तर पुढच्या वर्षी प्रवेश शेजारच्या कॉलेजात जातात. म्हणून हा प्रश्न एखाद्या प्राचार्याच्या किंवा शिक्षकाच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही. नियमच असा हवा की प्रामाणिक राहणाऱ्याचे नुकसान होणार नाही.

मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगताना लातूरची आठवण होणारच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गाजला तो राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांच्यामुळे. त्या वेळी बोर्डाच्या गुणवत्ता याद्या लागायच्या आणि मागास समजल्या जाणाऱ्या भागातल्या मुलांची नावे त्यांत झळकायची. पुण्या-मुंबईच्या लोकांनी पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवली, आणि त्यात काही तथ्य होते. निवडून घेतलेली मुले, सारख्या चाचण्या, बोर्डाच्या साच्याबरहुकूम उत्तरे. पण एक गोष्ट आज विसरली गेली आहे. हे सगळे कॉलेजच्या आवारात चालायचे. कॉलेजचेच प्राध्यापक जादा तास घ्यायचे, तेच पेपर तपासायचे, तेच संध्याकाळी वसतिगृहात चक्कर मारायचे. जनार्दन वाघमारे यांच्यासारखे प्राचार्य शाहू महाविद्यालयाला लाभले, जे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे जिल्ह्याच्या गावातले कॉलेज स्वतःच्या बळावर मुलांना स्पर्धेला उभे करू शकते, हे आपल्याच मातीत सिद्ध होऊन गेले आहे. पुढे तीच ऊर्जा रस्त्याच्या पलीकडच्या क्लासमध्ये गेली आणि कॉलेजच्या हाती फक्त पट राहिला.

माझी मुख्य मागणी हीच आहे की प्रवेश परीक्षेची तयारी कॉलेजच्या वेळापत्रकात आणा. सीईटीचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे, त्यातही अकरावीचे वजन वीस टक्क्यांच्या आसपास. जेईईची प्रकरणेही जवळपास तीच. फरक प्रश्नाच्या खोलीचा. मग सकाळी नियमित तास, दुपारी दोन ते पाच फक्त प्रश्न सोडवण्याचे तास, रविवारी चाचणी, आणि रात्री नऊपर्यंत ग्रंथालयाची अभ्यासिका उघडी, यात अशक्य काय आहे? इमारत आहे, बाके आहेत, प्रयोगशाळा आहे. दुपारच्या तासांसाठी शिक्षकाला वेगळे मानधन द्या आणि त्यासाठी प्रशिक्षण द्या. मी स्वतः आनंदाने घेईन. एका गावात फिजिक्सचा उत्तम शिक्षक असेल तर आठवड्यातले दोन दिवस त्याला शेजारच्या तालुक्यात जाऊ द्या. क्लासला परवडते ते राज्याला परवडत नाही असे म्हणता येणार नाही, कारण इमारतीचा आणि पगाराचा खर्च राज्य आताही करतेच आहे, रिकाम्या बाकांवर.

दुसरे, अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाला आहे. त्या पोर्टलवर प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे कट-ऑफ दिसतो. त्याच ओळीत गेल्या वर्षीची सरासरी प्रत्यक्ष हजेरी, विज्ञानाच्या चार विषयांना कायम शिक्षक किती आणि प्रयोगाचे तास किती झाले, हेही दिसू द्या. आकडे संस्थेने भरायचे नाहीत. शिक्षणाधिकारी कार्यालयाने वर्षातून चार वेळा अचानक मोजणी करून भरायचे. संचमान्यताही हळूहळू याच मोजणीला जोडा, पण एकदम नको. पहिल्याच वर्षी तसे केले तर खेड्यातली पदे आधी जातील आणि उरलेल्या मुलांचा शिक्षकही जाईल.

प्रात्यक्षिक परीक्षा आपल्याच कॉलेजात न घेता दुसऱ्या केंद्रावर घ्या. गुण प्रवेशात मोजू नका, २०१३ चा गोंधळ पुन्हा नको. फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच ठरवा आणि उत्तीर्ण होणे सीईटीच्या पात्रतेत घाला. ब्युरेट धरता येत नाही तो त्या वर्षी पात्र नाही, इतके साधे.

यावर पहिला आक्षेप मी वारंवार ऐकला आहे: ज्याला खरोखर आयआयटीला जायचे आहे त्याचा वेळ तुम्ही कॉलेजात बसवून वाया घालवणार. हा आक्षेप आजच्या कॉलेजकडे पाहून केला तर बरोबर आहे. पण ॲडव्हान्स्डचा पेपर नीट पाहिला तर तिथे उत्तर पाठ असून भागत नाही, एकाच प्रश्नात दोन-तीन प्रकरणे गुंफलेली असतात. तशा प्रश्नाशी झगडायची सवय एकट्याने मॉड्यूल संपवून लागते त्यापेक्षा चार जणांनी फळ्यापुढे भांडून लवकर लागते. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणिताला जाणाऱ्या किंवा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाड या विज्ञान-गणिताच्या स्पर्धेच्या शिबिराला गेलेल्या मुलांशी कधी बोलून पाहा. एकाच गणितावर तीन दिवस अडून बसण्यात काय मजा आहे, हे ती डोळे मोठे करून सांगतात. आयआयटी मद्रासने २०२५-२६ पासून ऑलिंपियाडमधल्या कामगिरीवर काही जागा ठेवल्या, हे मला म्हणूनच योग्य दिशेचे पाऊल वाटते, जरी त्या जागा मूठभर असल्या तरी.

दुसरा आक्षेप असा की क्लास ही पालकांच्या पैशांची बाब आहे, सरकारने त्यात का पडावे. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर कुणी क्लासला जात असेल तर खरोखर पडू नये. मीही लहानपणी गणिताच्या शिकवणीला जात होते. पण सार्वजनिक पैशावर चाललेल्या वर्गातले नाव अडवून ठेवायचे आणि तो वर्ग मोडायचा, ही खासगी बाब राहत नाही. त्या वर्गात बसलेल्या कंडक्टरच्या मुलीचा त्यावर तेवढाच हक्क आहे.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्याशिवाय वरचे काहीच होणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयांतली विज्ञानाची रिक्त पदे भरा, तासिका तत्त्वावर नव्हे, कायमची भरा. शिक्षक भरतीची जाहिरात निघते, कोर्टात अडकते, वर्षे जातात आणि दर वर्षी अकरावीची नवी तुकडी त्याच रिकाम्या खुर्चीसमोर बसते. भौतिकशास्त्राचा शिक्षक नसलेल्या कॉलेजला हजेरी कडक करायचा नैतिक अधिकारच नाही. येत्या प्रवेशफेरीपूर्वी निदान प्रत्येक तालुक्यातल्या एका कॉलेजात भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे पूर्णवेळ शिक्षक असतील एवढे शिक्षण खात्याने जाहीर करावे, आणि त्या कॉलेजांची यादी पोर्टलवर टाकावी. माझ्या कॉलेजचे नाव त्या यादीत आले, तर कर्ज काढून मुलाला शहरात ठेवणाऱ्या त्या वडिलांना मी स्वतः फोन करून सांगेन की धाकट्याला इथेच घाला.